कवळी, खर्रा आणि कॅलिपर

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिंगणा रोडकडे दोन खासगी महाविद्यालयं आहेत आणि पलीकडे वर्ध्याजवळ सावंगी मेघेला आणखी एक. एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, करणाऱ्या प्रत्येकाला तीन वर्षांत एक थिसिस लिहावाच लागतो. त्यामुळे ‘आमच्या अभ्यासात भाग घ्याल का?’ हा प्रश्न विदर्भातल्या बऱ्याच घरांत पोचलेला आहे. या वेळची पत्रं दोन्ही बाजूंची आहेत : खुर्चीत बसणाऱ्यांची आणि खुर्चीशेजारी उभं राहणाऱ्यांची.

प्रश्न : बाबा ६८ वर्षांचे आहेत. खालची कवळी बोलताना उचलते, जेवताना तर ते ती काढून खिशातच ठेवतात. दंत महाविद्यालयात सांगितलं की एका अभ्यासात खाली दोन इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायची कृत्रिम मुळं) बसवून त्यांवर कवळी अडकवतात. पण इम्प्लांट कोणाला आणि नुसती नवी कवळी कोणाला, हे चिठ्ठी काढून ठरणार. खर्च काही नाही. सही करावी का?
— एक वाचक भगिनी, मानेवाडा

उत्तर : आधी कवळीचं. वरच्या कवळीला अख्ख्या टाळूचा आधार मिळतो. खालचीला जिभेभोवती घोड्याच्या नालासारखी अरुंद पट्टी, आणि वर जीभ सतत तिला ढकलत असते. त्यात दात गेल्यावर खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजतं. टालग्रेन यांनी २५ वर्षं मागोवा घेतलेल्या रुग्णांवरून १९७२ मध्ये हे मांडलं. म्हणून कितीही चांगली बनवली तरी काहींची खालची कवळी हलतेच, त्यात बनवणाऱ्याचा दोष असतोच असं नाही. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर असं मत दिलं की, खालचा जबडा पूर्ण बोळका असेल तर दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा.

मग तुमच्या मनात यायलाच हवा तो प्रश्न : हे एवढं माहीत असताना चिठ्ठी कशासाठी? हाच प्रश्न तिथल्या डॉक्टरांना विचारा. त्याला चांगली उत्तरं असू शकतात. हाड फार झिजलेल्यांत किंवा मधुमेह असलेल्यांत फायदा तेवढाच राहतो का, चघळण्याची ताकद किती वाढते, इथल्या खर्चाच्या मानाने परवडतं का, वगैरे. ‘नुसत्या कवळीच्या गटाला अभ्यास संपल्यावर इम्प्लांट देणार का?’ हेही विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

चिठ्ठी ही गोष्ट मात्र फसवणुकीची नाही. डॉक्टरांनी स्वतः निवड केली तर ते नकळत चांगल्या हाडाच्या, नियमित येणाऱ्या, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) न खाणाऱ्या माणसाला इम्प्लांट देतील. शेवटी इम्प्लांटचा निकाल चांगला दिसेल, पण तो इम्प्लांटचा की निवडलेल्या माणसांचा, हे सांगता येणार नाही.

सही करण्याआधी माहितीपत्रक मराठीत मागा, ते घरी आणा, दोन दिवस ठेवा. लगेच इथेच सही करा म्हणत असतील तर करू नका. पत्रकात एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, क्रमांक असायला हवा. क्रमांकाची रचना सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि पुढे आकडे अशी असते. तो संकेतस्थळावर टाकला की अभ्यासाची माहिती कोणालाही दिसते. अभ्यासात इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई, कधीही बाहेर पडायची मोकळीक, आणि बाहेर पडलं तरी नेहमीचे उपचार चालू, ही तिन्ही वाक्यं पत्रकात स्वच्छ असली पाहिजेत. बाबांना वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला एक साक्षीदार समोर हवा. पत्रक वाचून दाखवल्यावरच अंगठा.

लोक हमखास विसरतात ते अभ्यासानंतरचं. इम्प्लांटवरची कवळी ज्या रबरी रिंगांनी किंवा नायलॉनच्या टोप्यांनी ‘टक्’ करून बसते, त्या झिजतात आणि अधूनमधून बदलाव्या लागतात. अभ्यास संपल्यावर त्या कोण बदलणार, आणि त्या कंपनीचा माल नागपुरात मिळतो का? हाड ठिसूळ होऊ नये म्हणून बाबा कुठल्या गोळ्या किंवा इंजेक्शन घेत असतील किंवा पूर्वी घेतली असतील तर तेही आधी सांगा. काही औषधांनंतर जबड्यात शस्त्रक्रिया केली की हाड भरून यायला त्रास होतो.

प्रश्न : मी एमडीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खर्रा खाणाऱ्या ओएसएमएफच्या (तोंड आखडत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णांत व्यायामाच्या दोन पद्धतींची तुलना करायची आहे. गाइड म्हणाले, ‘प्रत्येक गटात ३० घे, सगळे ३०च घेतात.’ एथिक्स कमिटीने मात्र ३० कुठून आले असं विचारलं. शिवाय तोंड किती उघडतं हे मोजताना आम्हा दोघांचे आकडे जुळत नाहीत.
— एक विद्यार्थी, मेडिकल चौक

उत्तर : कमिटीचं बरोबर आहे. तीस हा आकडा परंपरेने आलेला आहे, गणिताने नाही. गणित असं : प्रत्येक गटातले रुग्ण = २ × (१.९६ + ०.८४)² × स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग ÷ पकडायच्या फरकाचा वर्ग. यात स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते, १.९६ म्हणजे पाच टक्के चुकीची मुभा आणि ०.८४ म्हणजे ८० टक्के पॉवर, म्हणजे फरक खरंच असेल तर तो सापडण्याची शक्यता. समजा तुमच्या रुग्णांत तोंड उघडण्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन ६ मिमी आहे आणि ४ मिमीचा फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. मग २ × ७.८४ × ३६ ÷ १६ = ३५.२८, म्हणजे ३६. त्यातले १५ टक्के येणं सोडतील असं धरलं तर ३६ ला ०.८५ ने भागा : ४३. एका गटात.

तीसच घेतले तर काय होईल? साधारण ४.३ मिमीपेक्षा कमी फरक तुम्हाला बहुधा दिसणारच नाही. तिसातले पाच गळाले तर तोच आकडा ४.७ च्या पुढे जातो. मग थिसिसमध्ये ‘दोन्ही पद्धती सारख्याच’ असं लिहिलं जातं. खरं तर फरक दिसावा एवढे रुग्णच नव्हते. रुग्ण मिळत नसतील तर एक वाट आहे : सुरुवातीचं माप हिशेबात धरून शेवटच्या मापाची तुलना करायची, म्हणजे अँकोव्हा. दोन्ही मापांचं सहसंबंध ०.७ असेल तर लागणारी संख्या जवळजवळ निम्म्यावर येते. सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, लिहितानाच हे ठरवा, नंतर नाही. आणि ६ हा आकडा आमच्यावर विश्वास ठेवून घेऊ नका. तुमच्याच ओपीडीतल्या जुन्या केसपेपरांवरून काढा.

आता मोजमाप. ओएसएमएफच्या निम्म्या थिसिसांचा जीव इथे जातो. माप घ्यायचं उजव्या बाजूच्या वरच्या मधल्या दाताच्या आतल्या कोपऱ्यापासून खालच्या मधल्या दाताच्या तशाच कोपऱ्यापर्यंत. तो दात पडलेला, तुटलेला किंवा घासलेला असेल तर दुसरी जोडी निवडा आणि त्या रुग्णात शेवटपर्यंत तीच ठेवा. अभ्यासाच्या मध्ये त्या दातावर कॅप बसली तर माप आपोआप बदलतं. डोकं हेडरेस्टला टेकलेलं हवं. मान मागे गेली की तोंड जास्त उघडतं आणि हनुवटी छातीकडे आली की कमी. तुमच्या दोघांच्या आकड्यांत फरक येण्याचं हेच बहुधा कारण असेल. माप इंजेक्शनच्या, शेकण्याच्या आणि व्यायामाच्या आधी घ्या, तीनदा, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. सरासरी घ्यायची की सर्वांत मोठं, हे आधीच लिहून ठेवा. निकाल पाहून ठरवू नका.

डिजिटल कॅलिपर ०.०१ मिमी दाखवतो म्हणून ३१.४७ असं लिहायचा मोह होतो. तो टाळा. दहा रुग्णांना एकाच दिवशी तासाभराच्या अंतराने दोनदा मोजा, दोन मापांतला फरक काढा, त्याचा वर्ग करा, बेरीज करा, वीसने भागा आणि वर्गमूळ घ्या. ही डालबर्गची चूक, म्हणजे मोजण्यात साधारण किती चूक होते तो आकडा. बेरीज २० आली तर चूक १ मिमी. मग एका रुग्णात सुमारे २.८ मिमीपेक्षा कमी बदल हा खरा की हाताचा, सांगता येत नाही. असं असताना ‘दोन मिमी सुधारणा झाली’ हे एका रुग्णाच्या केसपेपरवर कौतुकाने लिहिण्याला अर्थ नाही.

मोजणारा माणूस उपचार देणारा नसावा. कोणता रुग्ण कोणत्या गटात हे त्याला कळू नये, आणि ‘मोजणाऱ्या डॉक्टरांना काड्यांबद्दल (व्यायामात तोंड उघडं ठेवायला दातांमध्ये धरतात त्या) काही बोलू नका’ असं रुग्णालाही सांगून ठेवा. नाहीतर पहिल्याच मिनिटाला ‘त्या आइसक्रीमच्या काड्यांनी लई फरक पडला जी’ असं ऐकू येतं. गट ठरवायला ओपीडी नंबर सम की विषम हे वापरू नका, कारण पुढचा रुग्ण कुठे जाणार हे खिडकीवरच कळतं. संगणकावर चार आणि सहाच्या मिसळ ब्लॉकमध्ये, म्हणजे दर चार किंवा सहा रुग्णांत निम्मे-निम्मे दोन्ही गटांत जातील अशी, यादी काढा, ती गाइडकडे ठेवा. अपारदर्शक, क्रमांक घातलेले लिफाफे करा आणि पहिलं माप कागदावर उतरल्यानंतरच लिफाफा फोडा.

आणि खर्रा. या आजाराचं मूळ सुपारीत आहे, तंबाखूत नाही. सुपारीतल्या अर्‍याकोलीन वगैरे घटकांमुळे गालाखालचे तंतू जाड होत जातात. नुसती सुपारीही माणसात कॅन्सर करते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात जाहीर केलं. खर्रा सोडला की नाही हे तपासायला अनेक जण लाळेतलं कोटिनीन मोजतात. पण कोटिनीन बनतं ते तंबाखूतल्या निकोटिनपासून, सुपारीपासून नाही. खर्रा सोडून गोड सुपारीवर आलेला रुग्ण या तपासणीत ‘सुटलेला’ दिसतो आणि त्याचं तोंड मात्र आखडतच राहतं. उलट निकोटिनचं च्युइंगगम घेणारा प्रामाणिक माणूस ‘खाणारा’ ठरतो. शिवाय कोटिनीन तीन-चार दिवसांत निघून जातं. तारीख माहीत असलेला रुग्ण तेवढे दिवस कळ काढून येतो. म्हणून दर भेटीला पुड्या किती, सुपारी वेगळी किती, तोंडात किती वेळ ठेवतो आणि गिळतो की थुंकतो, हे चारही विचारा. दोन्ही गटांत सोडणाऱ्यांचं प्रमाण किती होतं हे तक्त्यात दाखवा. एका गटात खर्रा जास्त लोकांनी सोडला असेल तर जिंकलेला व्यायाम नसेल, तो सोडलेला खर्रा असेल.

प्रश्न : सीताबर्डीत एका क्लिनिकच्या बोर्डावर ‘इम्प्लांटमध्ये ९८ टक्के यश’ असं लिहिलं आहे. यावर विश्वास ठेवायचा का?
— एक निवृत्त शिक्षक, धंतोली

उत्तर : आकडा खोटा असेलच असं नाही. पण तीन गोष्टी विचारल्याशिवाय तो काहीच सांगत नाही.

कशाचे ९८? समजा २५ रुग्णांत १०० इम्प्लांट बसवले आणि ६ पडले. एकाचे चारही, बाकी दोघांचा एकेक. इम्प्लांट मोजले तर अपयश ६ टक्के, माणसं मोजली तर ३ जण, म्हणजे १२ टक्के. एकाच तोंडातले इम्प्लांट एकमेकांसारखे वागतात : तेच हाड, तीच साखर, तीच विडी. शंभर इम्प्लांट म्हणजे शंभर स्वतंत्र पुरावे नसतात. चार-चारच्या गटात सहसंबंध ०.३ धरला तर त्यांचं वजन सुमारे ५३ स्वतंत्र इम्प्लांटइतकंच उरतं.

किती वर्षांनी? सहा महिन्यांनी ९८ टक्के आणि दहा वर्षांनी ९८ टक्के यांत खूप अंतर आहे. आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये यशाचे जे निकष मांडले त्यांत पाच वर्षांनी किमान ८५ आणि दहा वर्षांनी किमान ८० टक्के अशी अपेक्षा होती. पहिलं वर्ष सोडून पुढे दर वर्षी हाड ०.२ मिमीपेक्षा कमी झिजावं, हीही अट होती. इम्प्लांट ‘तोंडात आहे’ आणि इम्प्लांट ‘ठीक आहे’ यांत फरक आहे. हाड अर्धं खाली गेलेला, पू येणारा इम्प्लांटही तोंडात असतोच. तुम्ही शिक्षक होतात म्हणून सांगतो : हजेरी आणि निकाल एकच नव्हेत.

आणि किती जण परत आलेच नाहीत? पन्नासांतले तीस आले, त्यातले २९ ठीक, तर जाहिरातीत ९७ टक्के. पण न आलेले वीस जण दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असतील तर? सगळे बिघडले असं धरलं तर ५८. खरं उत्तर मध्ये कुठेतरी, आणि ती रुंद फट हाच प्रामाणिक निकाल.

स्वतःच्या इम्प्लांटचा हिशेब ठेवायचा असेल तर पहिला एक्स-रे जपून ठेवा आणि पुढचे त्याच कोनात काढून घ्या. तिरका काढलेला एक्स-रे हाड वरखाली दाखवतो. इम्प्लांटची खरी लांबी आपल्याला माहीत असते. १० मिमीचा इम्प्लांट फिल्मवर ११ दिसत असेल तर प्रत्येक मापाला १० ÷ ११ ने गुणा.

प्रश्न : मी अभ्यासाची समन्वयक आहे. गोंदिया, गडचिरोलीकडचे रुग्ण तिसऱ्या भेटीपासून गायब होतात. गैरहजर रुग्णाचं शेवटचं माप पुढे तसंच धरलं तर चालेल ना?
— एक वाचक, हनुमाननगर

उत्तर : ओएसएमएफमध्ये अजिबात नाही. व्यायाम चालू असेपर्यंत तोंड उघडतं आणि सोडला की पुन्हा आखडतं. जो येणं थांबवतो त्याने बहुधा व्यायामही थांबवलेला असतो. त्याचं शेवटचं माप हे त्याचं सर्वांत चांगलं माप असतं आणि तुम्ही तेच गोठवता. ज्या गटात गळती जास्त, तो गट उगाच बरा दिसतो. रुग्ण ज्या गटात घातला त्याच गटात मोजा, किती गळले आणि का गळले ते गटानुसार लिहा, आणि चांगलं व वाईट असे दोन्ही अंदाज धरून निकाल बदलतो का ते दाखवा.

गळती थांबवायचं काम मात्र संख्याशास्त्राचं नाही, पंचांगाचं आहे. गोंदिया-भंडाऱ्यात जुलै-ऑगस्टला रोवणी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला धानकापणी. इकडे ऑक्टोबरात सोयाबीन, पुढे कापसाची वेचणी. त्या आठवड्यांत कोणी येत नसतं. पहिली भेट अशी ठेवा की तिसरी आणि सहा महिन्यांची भेट त्या काळात पडणार नाही, आणि प्रत्येक भेटीला आधी-नंतर आठवडाभराची सवलत प्रोटोकॉलमध्येच लिहा. दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक घरातल्या बाईचा असला तर उत्तम. एसटीचं भाडं देणार असाल तर तो खर्च एथिक्स कमिटीकडून आधी मंजूर करून घ्या. मध्येच सुरू केलं तर पहिल्या वीस रुग्णांवर अन्याय. फोनवर प्रश्नावली भरून घेता येते. तोंडाचं माप फोनवर घ्यायच्या भानगडीत पडू नका. ‘तीन बोटं जातात का?’ हे गावातल्या तपासणीला ठीक आहे, पण कॅलिपरच्या रकान्यात ते लिहायचं नाही.

प्रश्न : मे महिन्यात अल्जिनेटची मापं, म्हणजे पावडर पाण्यात कालवून घेतलेले दातांचे साचे, बिघडतात. तोंडात ट्रे जायच्या आतच घट्ट होतं आणि मॉडेल बसत नाही. उपाय?
— एक इंटर्न, वानाडोंगरी

उत्तर : पारा ४५ च्या आसपास असताना नळाचं पाणी वापरलं तर दुसरं काय होणार! पाणी फ्रिजमधलं घेऊन २० ते २२ अंशांवर आणा आणि थर्मामीटर बुडवून खात्री करा, हाताच्या अंदाजाने नको. बाउल आणि स्पॅचुलाही थंड ठेवा. डबा उन्हाच्या खिडकीतून हलवा आणि झाकण घट्ट ठेवा. उष्णता आणि दमटपणा दोन्हींनी पावडर खराब होते. घट्ट व्हायला वेळ मिळावा म्हणून जास्त पाणी घालणं हा उपाय नव्हे. माप नरम येतं, काढताना फाटतं. पावडर मोजण्याआधी डबा हलवून पावडर मोकळी करा, स्कूप दाबून भरू नका. चिकटपणा गेल्यावर लगेच ओढू नका, दोन-तीन मिनिटं थांबा आणि एका झटक्यात काढा. हलवत-हलवत काढलं की कडा वाकतात.

मॉडेल न बसण्याचं मोठं कारण मात्र बाहेरचं. अल्जिनेट हवेत ठेवलं की पाणी सोडून आकसतं, पाण्यात बुडवून ठेवलं की फुगतं. माप स्वच्छ धुवा, निर्जंतुक द्रव फवारा आणि बंद पिशवीत ठेवा. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टर ओतलं गेलं पाहिजे. कूलरच्या वाऱ्यात ट्रे ठेवून चहाला गेलात तर आल्यावर परत माप घ्या. प्लास्टर घट्ट झाल्यावर तासाभरात मॉडेल वेगळं करा.

हे संशोधनाच्या सदरात का घेतलं? एका कवळीच्या पद्धतीची सगळी मापं डिसेंबरात आणि दुसऱ्या पद्धतीची मेमध्ये घेतली तर दोन पद्धतींची नव्हे, दोन ऋतूंची तुलना होते. वर सांगितलेले चार-सहाचे ब्लॉक वापरले तर प्रत्येक महिन्यात दोन्ही गट जवळपास सारखे येतात. खोलीचं आणि पाण्याचं तापमान केस रेकॉर्ड फॉर्मवर एका रकान्यात लिहा, दहा सेकंदांचं काम आहे.

प्रश्न : कवळी बसवल्यावर रुग्ण समाधानी आहे का हे ओहिप-१४ या तोंडाच्या त्रासाच्या प्रश्नावलीने मोजायचं आहे. मराठी भाषांतर आम्हीच केलं तर?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : ओहिप-१४ मध्ये चौदा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ५६, जितका जास्त तितका त्रास. भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करावं, तिसऱ्याने जुळवावं, आणि मूळ न पाहिलेल्या माणसाने ते परत इंग्रजीत न्यावं. मग दहा-पंधरा रुग्णांना वाचून दाखवा आणि विचारा, ‘यात काय विचारलंय असं वाटलं?’ तिथे गंमत होते. ‘अस्वस्थ’ म्हटलं की कोणी पोटाचं सांगतो, कोणी मनाचं. आणि आधीच पडताळलेलं मराठी रूप मिळालं तर ते वापरा, नवं करायची हौस बाळगू नका.

त्याहून मोठी अडचण विचारणाऱ्याची. ज्या डॉक्टरने महिनाभर खपून कवळी बनवली, तोच समोर बसून विचारतो, ‘काका, त्रास होतो का?’ काका म्हणणार, ‘नाही डॉक्टर, छान बसली.’ आणि गेटबाहेर पडल्यावर कवळी खिशात. म्हणून प्रश्न दुसऱ्याने विचारावेत. जोडीला कवळी घालून काय खाता हे नावानिशी विचारा : ज्वारीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, सावजीतलं मटण, पोह्यांवरचे चणे. यातलं नव्याने काय खायला लागले, हे कुठल्याही गुणांकाइतकंच बोलकं असतं. वस्तुनिष्ठ माप हवं तर दोन रंगांचं च्युइंगगम वीस वेळा चावायला द्या, १ मिमी जाडीचं दाबून दोन्ही बाजू स्कॅन करा आणि रंग किती मिसळले ते संगणकावर काढा. गम कवळीला चिकटणारं नसावं.

प्रश्न : काकांच्या वरच्या जबड्याचं कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं आहे, नंतर शेकही (रेडिएशन) द्यायचा आहे. टाळूला भोक राहील म्हणतात. ते बुजवायची प्लेट कधी करतात?
— एक वाचक, मिहान परिसर

उत्तर : ऑपरेशनच्या आधी. हे अनेकांना उशिरा कळतं. आठवड्याभरात कृत्रिम दंतशास्त्राच्या डॉक्टरांकडे जाऊन वरचं-खालचं माप द्या. सर्जन त्या मॉडेलवर किती भाग जाणार याची रेषा काढून देतात आणि त्यावर पहिली प्लेट तयार होते. ती ऑपरेशन टेबलवरच दातांना किंवा हाडाला बांधतात. त्यामुळे आतलं ड्रेसिंग जागेवर राहतं, आणि शुद्धीवर आल्यावर पाणी नाकातून न येता गिळता येतं, बोललेलं समजतं. सात-दहा दिवसांनी ती काढून तात्पुरती, आणि जखम आकसून स्थिर झाल्यावर, म्हणजे तीन ते सहा महिन्यांनी, कायमची प्लेट. शेक असेल तर हा काळ लांबतो. कायमच्या प्लेटचा भोकात जाणारा गोळा आतून पोकळ करतात, नाहीतर तिच्याच वजनाने उरलेले दात हलू लागतात.

एक गोष्ट सर्जन आणि प्लेट बनवणारे डॉक्टर, दोघांनी मिळून आधीच ठरवायला हवी : कापण्याची रेषा शेवटच्या राहणाऱ्या दाताला चिकटून नको, त्याच्या शेजारचा दात काढून त्या खळग्याच्या मधून जावी. मग राहणाऱ्या दाताला सगळीकडून हाड मिळतं, आणि पुढची अनेक वर्षं प्लेटचा भार मुख्यतः त्याच दातावर असतो.

शेक सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी न वाचणारे दात काढून टाका. नंतर काढले तर खळगा भरत नाही, हाड सडू शकतं. उरलेल्या दातांसाठी ट्रे करून घ्या आणि त्यात १.१ टक्के न्यूट्रल सोडियम फ्लोराइडचं जेल भरून रोज पाच-दहा मिनिटं लावा, कारण लाळ आटल्यावर दात हिरडीपाशी झपाट्याने किडतात. तोंड उघडण्याचा व्यायामही शेक चालू असतानाच सुरू हवा. या रुग्णांवर संशोधन करणाऱ्यांनी गट पाडायच्या मागे लागू नये. रुग्ण थोडे आणि प्रत्येकाचं भोक वेगळं. त्याच रुग्णाचं प्लेट घालून आणि न घालून असं दोनदा बोलणं रेकॉर्ड करा, क्रम बदलता ठेवा, आणि ऐकणाऱ्याला कुठलं रेकॉर्डिंग कधीचं ते सांगू नका.

प्रश्न : सिनॉप्सिस पाठवलं आहे, मंजुरी येईपर्यंत पाच-सहा रुग्ण घेऊन ठेवले तर?
— एक विद्यार्थिनी, डिगडोह

उत्तर : ते रुग्ण थिसिसमध्ये धरता येणार नाहीत. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआयवर फक्त आधीची नोंदणी स्वीकारतात. पहिला रुग्ण घेतल्यानंतर अर्ज केला तर नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणी नसलेली चाचणी अनेक नियतकालिकं छापत नाहीत. क्रम असा : एथिक्स कमिटीचं पत्र, सीटीआरआयचा अर्ज, त्यांच्या शंकांची उत्तरं, क्रमांक हातात, मग पहिला रुग्ण. मधले आठवडे वाया जात नाहीत. त्या काळात कॅलिपर घेऊन दहा जणांना दोनदा मोजा. संमती त्यांचीही घ्या आणि हा पायलट असल्याचं कमिटीच्या अर्जात आधीच लिहा.